आभासी संगणकाची घडण आणि आपले विद्यार्थी
(संस्थेच्या वार्षिक समारंभातील भाषण)



माझ्या व्यवसायाविषयी चार शब्द बोलावेत असा संस्थेचा आग्रह आहे. मी संगणक-व्यवस्थेची देखभाल करतो. त्यातील एक काम व त्यातून मिळालेला धडा आज सांगणार आहे.

एका मोठ्या संगणकावर सॉफ्टवेअरच्या साहाय्याने अनेक स्वतंत्र संगणक चालविता येतात. त्यांना आभासी यंत्र, म्हणजे व्हर्च्युअल मशीन म्हणतात. कल्पना जुनीच आहे. आयबीएमने १९७२ साली व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली होती. अशा यंत्राची संपूर्ण डिस्क, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, प्रोग्रॅम व साऱ्या मांडणीसह, साठवून ठेवली की ती झाली इमेज. एका इमेजवरून दहा काय, हजार यंत्रे उभी करता येतात.

पूर्वी आम्ही इमेज हाताने तयार करीत असू. एका सहकाऱ्याने मोठ्या निगुतीने एक यंत्र सजविले होते. काय बसविले, कोणती फाइल बदलली, सारे त्याच्या डोक्यात. तो नोकरी सोडून गेला. पुढे तसेच दुसरे यंत्र उभारण्याची वेळ आली तेव्हा कोणालाच काही सांगता येईना. तीन रात्री जागून काढल्या. मसाल्याचे माप मनात घेऊन बावर्ची निघून जावा आणि दावत तोंडावर यावी, तशी आमची गत झाली.

यावर उपाय म्हणजे २०१३ साली आलेल्या 'पॅकर'सारखी साधने. त्यांना आपण कृती लिहून द्यायची. ते वाचून साधन एक तात्पुरते यंत्र सुरू करते. भाषा कोणती, डिस्कचे भाग किती, असे प्रश्न सिस्टिम बसविताना विचारले जातात. त्यांची उत्तरे आधीच एका फाइलीत लिहिलेली असतात. डेबियनमध्ये तिला प्रीसीड, तर रेड हॅटमध्ये किकस्टार्ट म्हणतात. मग साधन एसएसएचद्वारे आत शिरून आपल्या आज्ञा क्रमाने चालविते, यंत्र बंद करून इमेज साठविते आणि तात्पुरते यंत्र पुसून टाकते. मध्येच चूक झाली तर काम थांबते. आपण कृती सुधारायची व पुन्हा चालवायची.

दोन गोष्टींची मात्र काळजी घ्यावी. प्रोग्रॅमची आवृत्ती नेमकी लिहिली नाही, तर तीच कृती सहा महिन्यांनी वेगळे यंत्र घडवील. आणि इमेजमध्ये पासवर्ड राहून गेला, तर तो प्रत्येक प्रतीत जाईल.

विद्यार्थी मित्रहो, यासाठी महागड्या यंत्रसामग्रीची गरज नाही. डेबियन आणि व्हर्च्युअलबॉक्स विनामूल्य मिळतात. शाळेच्या संगणकखोलीतही सुरुवात करता येईल. पहिल्या दहा वेळा यंत्र सुरूच होणार नाही. निराश होऊ नका. काय चुकले ते वहीत टिपा.

पालकांना एक विनंती. मुलगा असो वा मुलगी, परीक्षेत गुण किती पडले एवढेच विचारू नका. "तू जे शिकलास, ते दुसऱ्याला करता येईल असे लिहून देशील का?" हेही विचारा. डोक्यातील हुन्नर माणसाबरोबर जातो; कागदावर उतरलेला हुन्नर मागे राहून दहा जणांच्या उपयोगी पडतो.