स्वभाव ओळखून बोलावे
(पालक मेळाव्यात केलेले भाषण)



लासलगावच्या माणसाला कांद्याची पारख शिकवावी लागत नाही. लाल कांदा फार दिवस टिकत नाही, उन्हाळ कांदा चाळीत चार-पाच महिने राहतो, हे येथील लहान मूलही सांगेल. पण घरातील दोन मुलांचे स्वभाव वेगळे आहेत, हे आपण विसरतो आणि दोघांवर एकाच सुरात रागावतो.

आपले जुने हकीम औषध देण्याआधी मिजाज पाहत. इब्न सीना (९८०-१०३७) यांनी आपल्या 'अल्-कानून' या ग्रंथात मिजाजाचा विस्ताराने विचार केला आहे. दमवी, सफरावी, बलगमी आणि सौदावी असे चार मिजाज युनानी वैद्यक मानते. पुढे १९२१ साली कार्ल युंग यांनी अंतर्मुख आणि बहिर्मुख हे प्रकार मांडले. आजचे मानसशास्त्र मात्र सांगते की, माणसांचे असे पक्के कप्पे नसतात. बहुतेक जण मध्येच कोठेतरी असतात.

आता माझी एक चूक सांगतो. माझ्या वर्गात एक मुलगा कधीच हात वर करीत नसे. मी त्याला सर्वांदेखत 'घुम्या' म्हटले. मुले हसली. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत येईना. आठव्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. त्याचे वालिद हमाली करीत. ते म्हणाले, "सर, तो आता कामाला जातो म्हणतो." आजीने त्याची वही पुढे केली. मी वर्गात विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे त्याने घरी लिहून ठेवली होती! मी त्याची माफी मागितली. प्रश्न आदल्या दिवशी सांगायचा, उत्तर त्याने लिहून आणायचे, असे ठरले. महिन्याभराने तो आपणहून वाचावयास उभा राहिला.

म्हणून अबोल मुलाला वेळ द्या, चारचौघांत टोकू नका. बडबड्या मुलाचे आधी ऐकून घ्या, मग त्याला मुद्द्यावर आणा. तापट माणसाशी राग उतरल्यावर बोला. आणि विद्यार्थी मित्रांनो, अब्बा थकून घरी आल्याबरोबर फीचा विषय काढू नका. आधी पाणी द्या.

मात्र स्वभाव ओळखणे म्हणजे शिक्का मारणे नव्हे. 'घुम्या' हा मी मारलेला शिक्काच होता. त्यापायी एका मुलाची शाळा सुटता सुटता राहिली.