प्रकल्पातून भाषा आपोआप येत नाही



‘प्रकल्प’ हा शब्द आपल्या शाळांना नवा नाही. वर्षअखेरीला कपाटावर साठलेले थर्माकोलचे किल्ले पाहिले, की या शब्दाचे आपण काय केले ते कळते. किल्ला वडिलांनी कापलेला असतो, माहिती झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणलेली असते आणि मुलाचे स्वतःचे म्हणाल तर पहिल्या पानावरचे नाव.

मूळ कल्पना अशी नव्हती. विल्यम किलपॅट्रिक या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९१८ साली प्रकल्प पद्धतीवर निबंध लिहिला. मुलाने हेतू ठरवून, मनापासून केलेले काम हा त्याचा गाभा होता. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. आजचे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० हेही अनुभवातून शिकण्यावर भर देते. तेव्हा ही पद्धत चांगली की वाईट, हा वाद मी घालणार नाही. ती कोणत्या अटींवर फळते, एवढेच संशोधनाच्या आधारे पाहू.

अमेरिकेतील मिशिगन राज्यात नेल ड्यूक, ॲन-लीस हॅल्व्हर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. गरीब वस्तीतल्या २० शाळा, ४८ शिक्षक, दुसरीची मुले. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने शिक्षकांचे दोन गट केले. एका गटाने सामाजिक अभ्यास प्रकल्पांतून शिकवला, दुसऱ्याने नेहमीसारखा. प्रकल्पवर्गांतील मुलांची सामाजिक अभ्यासातील प्रगती ६३ टक्क्यांनी आणि माहितीपर वाचनातील प्रगती २३ टक्क्यांनी अधिक झाली. मात्र लेखनात आणि शिकण्याच्या उत्साहात दोन्ही गटांत लक्षणीय फरक पडला नाही. ज्या शिक्षकांनी पाठांचे नियोजन काटेकोरपणे पाळले, त्यांच्या मुलांचे लेखन मात्र अधिक सुधारले.

दुसरा अभ्यास इंग्लंडचा, २०१६ सालचा. तेथे माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्षात प्रकल्पांचा प्रयोग झाला. मुलांच्या भाषेवर त्याचा स्पष्ट लाभ दिसला नाही. उलट मोफत जेवणास पात्र असलेली, म्हणजे गरीब घरांतली मुले भाषेत मागे पडली.

हे दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवले, की आपल्यासाठी एक गोष्ट स्पष्ट होते. प्रकल्पातून माहिती मिळते, पण लेखन शिकवावेच लागते. आणि ते शिकवले नाही, तर नुकसान होते ते घरी मदत नसलेल्या मुलाचे. पेडणे-डिचोलीच्या मराठी प्राथमिक शाळांत आज प्रामुख्याने हीच मुले आहेत. घरची बोली वेगळी, पुस्तकातली मराठी वेगळी. या दोहोंमधला पूल वर्गातच बांधावा लागतो.

मग करायचे काय? आगरवाड्याच्या मिठागरांचे उदाहरण घ्या. ‘मिठागरांची माहिती’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. ‘नदीच्या पाण्याचे मीठ कसे होते आणि पाऊस लवकर आला तर आगराचे काय होते?’ हा प्रश्न झाला. डिचोलीत खाणीलगतच्या गावातली मुले जानेवारी ते मे दर सोमवारी दोरी सोडून विहिरीतले पाणी मोजू शकतील. मोठ्यांच्या देखरेखीखाली, अर्थात. २०१२ साली खाणी बंद पडण्यापूर्वी पाणी किती असायचे, हे ती आजी-आजोबांना विचारतील. यात गणित आले, विज्ञान आले, इतिहासही आला.

भाषेसाठी मात्र वेगळ्या तासिका राखून ठेवा. पहिल्या तासिकेला मुलांनी टिपून आणलेले बोलीतले शब्द फळ्यावर लिहा. ते खोडू नका. शेजारी प्रमाण शब्द लिहा आणि दोन्ही वापरू द्या. दुसऱ्या तासिकेला एक परिच्छेद सर्वांसमोर स्वतः लिहून दाखवा, चुकलेले वाक्य तिथेच खोडा. लेखन म्हणजे खोडाखोड, हे मुलांनी पाहिले पाहिजे. तिसऱ्या तासिकेला मुले लिहितील, चौथ्याला एकमेकांचे वाचतील, पाचव्याला पुन्हा लिहितील. हे सगळे शाळेतच; घरी काहीही पाठवायचे नाही.

आणि त्या लेखनाला खरा वाचक मिळवून द्या. मिशिगनच्या मुलांनी आपल्या परिसरातील बाग सुधारण्याचे प्रस्ताव लिहिले होते. आपली मुले विहिरीच्या नोंदी पंचायतीला पत्राने कळवू शकतात. सरपंच वाचणार आहेत म्हटल्यावर शुद्धलेखनाला अर्थ येतो.

आपल्यापैकी अनेकजण एकशिक्षकी शाळा चालवतात, हे मी जाणतो. चार इयत्ता, माध्यान्ह आहार, वर कार्यालयाचे तक्ते. म्हणून वर्षाला दहा प्रकल्प नकोत, एकच पुरे. चारही इयत्तांना प्रश्न एकच द्या. पहिलीचे मूल चित्राखाली दोन शब्द लिहील, चौथीचे मूल पानभर.

शेवटी अकादमीला एक विनंती. या दोन तालुक्यांतल्या मुलांचे असे लेखन गोळा करून त्याची छोटी पुस्तिका काढावी. पुढच्या वर्षीच्या मुलांना वाचायला आपल्याच गावची मराठी मिळेल. मराठी शाळा का टिकाव्यात, हे पालकांना सांगताना आपल्या भाषणांपेक्षा ती पुस्तिका अधिक कामी येईल.