तक्रारदाराचे नाव

सरकारी कचेरीत आलेला अर्ज किती हातांतून जातो, याची कल्पना तो लिहिणाऱ्यास क्वचितच असते. विकासकामांतील गैरव्यवहारांसंबंधीचा अर्ज तर पुष्कळदा, अभिप्राय मागविण्याच्या निमित्ताने, ज्या खात्याविरुद्ध तो केलेला असतो त्याच खात्यात जाऊन पोहोचतो.

सत्येंद्र दुबे यांच्या पत्राचे असेच झाले. कानपूरच्या आय.आय.टी.चे पदवीधर असलेले हे तरुण अभियंते राष्ट्रीय राजमार्ग प्राधिकरणाच्या सेवेत होते. बेळगाव व बडोदे या शहरांवरून जाणारा जो सुवर्ण चतुष्कोन महामार्ग, त्याच्याच बिहार-झारखंडकडील कामावर त्यांची नेमणूक होती. मोठे ठेकेदार आपले काम लहान, अननुभवी ठेकेदारांकडे परस्पर सोपवितात आणि कामाचा दर्जा ढासळतो, हे त्यांनी नोव्हेंबर 2002 मध्ये थेट पंतप्रधानांस कळविले. पत्राखाली सही न करता त्यांनी आपली माहिती निराळ्या कागदावर दिली व ती गुप्त राखण्याची विनंती केली. तो कागद पत्रासह मंत्रालयाकडे आणि तेथून प्राधिकरणाकडे गेला. 27 नोव्हेंबर 2003 रोजी पहाटे गया येथे गोळी घालून त्यांचा खून करण्यात आला.

खून लुटीसाठी झाला, असा निष्कर्ष केंद्रीय अन्वेषण विभागाने काढला. 2010 साली न्यायालयाने तिघांना दोषी ठरविले. कुटुंबीयांना तो निष्कर्ष पटला नाही. परंतु तो जसाच्या तसा मान्य केला, तरी विश्वासाने दिलेले नाव फुटले, हा दोष त्यामुळे यत्किंचितही कमी होत नाही.

या घटनेनंतर एप्रिल 2004 मध्ये केंद्र सरकारने ठराव करून अशा तक्रारी स्वीकारण्याचे काम केंद्रीय दक्षता आयोगाकडे सोपविले. अर्ज बंद पाकिटातून पाठवावयाचा. पाकिटावर तो कोणत्या ठरावाखालील आहे ते लिहावयाचे, अर्जदाराचे नाव मात्र लिहावयाचे नाही. निनावी अर्जाचा विचार होत नाही. म्हणून नाव आत द्यावेच लागते. रचना चांगली आहे. पण ज्या पुलावर एकच कनिष्ठ अभियंता देखरेख करतो, त्या पुलाच्या सिमेंटविषयी कोणी लिहिले हे ओळखण्यास पाकीट फोडावे लागत नाही! ज्या गावात भूसंपादनाच्या मोबदल्याविषयी एकच शेतकरी बोलतो, तेथेही तेच.

अर्थात, अशा ठिकाणी केवळ गुप्ततेने भागत नाही. सूड बहुधा गोळीच्या रूपाने येत नाही. तो दूरची बदली, रोखलेली वेतनवाढ, खातेनिहाय चौकशी अशा नियमांत बसणाऱ्या रूपांनी येतो. ही कारवाई तक्रारीमुळेच झाली, हे एकट्या माणसाने सिद्ध कसे करावे? 2014 च्या जागल्या संरक्षण कायद्याने नेमका येथेच हात घातला होता. कारवाई सूडबुद्धीची नव्हती हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याने खात्यावर टाकली. संसदेने तो संमत केला, मे 2014 मध्ये राष्ट्रपतींची संमतीही मिळाली; परंतु त्यानंतर दहा वर्षे लोटली तरी तो अंमलात आणणारी अधिसूचना निघाली नव्हती.