हेलन केलरच्या हातातील पुस्तक



वर्गात गोष्टीचे पुस्तक वाचून दाखविताना कठीण शब्दांचे अर्थ किती सांगावेत व कोठे थांबावे, हा प्रश्न प्रत्येक शिक्षकापुढे उभा राहतो. वाचन संपल्यावर 'तात्पर्य काय?' असे विचारले की बहुतेक मुले ठराविक उत्तर देतात. परंतु त्या गोष्टीने मुलाच्या अंतःकरणात काय घडविले, ते त्या उत्तरावरून कळत नाही. या बाबतीत हेलन केलर हिने 1903 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रात सांगितलेली एक हकिकत मनन करण्याजोगी आहे.

हेलनचा जन्म 1880 साली अमेरिकेत झाला. वयाच्या एकोणिसाव्या महिन्यात आजाराने तिची दृष्टी व श्रवणशक्ती दोन्ही गेली. 1887 साली ॲन सुलिव्हन या शिक्षिका तिच्या घरी आल्या. तळहातावर बोटांच्या खुणांनी एकेक अक्षर उमटवून त्यांनी तिला भाषा दिली. पुढे बोस्टन येथील पर्किन्स अंधशाळेच्या ग्रंथालयात हेलन उठावाच्या अक्षरांची पुस्तके चाचपीत बसू लागली. अर्थ फारसा कळत नसे. शब्दांचीच तिला मोहिनी पडे. आठेक वर्षांची असताना ती एकदा प्रौढांसाठी लिहिलेली एक कादंबरी वाचताना बाईंना आढळली. बाईंनी त्यातील लहान मुलगी तिला आवडली का, असे विचारले, अडलेले काही शब्द समजावून दिले आणि एका लहान मुलाची सुंदर गोष्ट पुढच्या उन्हाळ्यात वाचून दाखविण्याचे वचन दिले. ती गोष्ट म्हणजे फ्रान्सिस हॉजसन बर्नेट यांची 1886 सालची बालकादंबरी 'लिटल लॉर्ड फाँटलरॉय'.

ऑगस्टातील एका दुपारी, जेवणानंतरची भांडी घाईने आटोपून, दोघी पाइनच्या दोन झाडांना बांधलेल्या झोळीत बसल्या. बाईंनी आरंभी काही गोष्टी समजावून दिल्या. पण कथा रंगू लागली तशी हेलनला एकेका शब्दाची शुद्ध राहिली नाही. मध्येच येणारे स्पष्टीकरण तिला नकोसे झाले. अखेर बाईंची बोटे थकली. तेव्हा आपल्याला काय उणे आहे, याची तीव्र जाणीव तिला प्रथमच झाली. तिने ते छापील पुस्तक हातात घेतले व कधीही न विसरता येणाऱ्या उत्कंठेने सपाट पानावरील अक्षरे चाचपू लागली.

बंधुभगिनींनो, पुस्तकाकडे गेलेले हे हात हाच त्या विद्यार्थिनीचा अभिप्राय होय. पुढे तिच्या आग्रहावरून अंधशाळेचे संचालक अनाग्नोस यांनी ती कादंबरी उठावाच्या अक्षरांत छापवून घेतली आणि तिने ती जवळजवळ तोंडपाठ होईपर्यंत पुनःपुन्हा वाचली. पुस्तकांविषयीची आपली खरी आवड येथून सुरू झाली, असे ती म्हणते.

यातून आपल्या वर्गासाठी सरळ बोध निघतो. साने गुरुजींची 'श्यामची आई' वाचावयास घेतली, तर कोकणातले काही शब्द देशावरील मुलांना अपरिचित वाटतील. ज्यांवाचून कथा अडेल तेवढेच शब्द प्रारंभी सांगावेत. कथेने मन धरले, की फळ्याकडे वळू नये. वाचन थांबवावयाचे ते उत्कंठेच्या जागी थांबवावे व पुस्तक मुलांच्या हाती पडेल असे ठेवावे. कुलुपातील पुस्तकाकडे हात कसा जाणार? नंतर 'तुला काय वाटले?' एवढेच विचारावे. मूल घरच्या बोलीत बोलले तर त्या वेळी भाषा सुधारू नये. एखादे मूल काहीच न बोलता सुट्टीत तेच पान उघडून बसले, तर त्याचे उत्तर मिळाले असे समजावे.

डोळे असलेल्या आपल्या मुलांपुढे छापील पान सदैव उघडे असते. तेथे जावेसे वाटणे, ही ओढ मात्र शिक्षकानेच लावावयाची असते.