संगणक-जाळ्यांची उच्च परीक्षा आणि अभ्यासाची आखणी
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



आपल्या समाजातील पुष्कळ मुले पदवी किंवा डिप्लोमा हाती येताच 'नेटवर्किंगचा कोर्स' करावयाचा म्हणतात. मुंबई-पुण्यात आणि आखाती देशांत या कामाला मागणी आहे, हे खरे. परंतु घरातला दागिना मोडून क्लासची फी भरली जाते आणि दीड वर्षाने मुलाच्या हाती फक्त झेरॉक्स प्रतींचा गठ्ठा उरतो, असेही घडते. याचे कारण बुद्धीची उणीव नव्हे. अभ्यासाला आखणी नसते, हे त्याचे कारण होय.

प्रथम पायऱ्या समजून घ्या. सिस्को कंपनीच्या परीक्षा या क्षेत्रात सर्वत्र मानल्या जातात. सीसीएनए ही पहिली पायरी, सीसीएनपी ही मधली आणि सीसीआयई ही वरची. १९९३ साली सुरू झालेल्या सीसीआयईमध्ये आठ तासांची प्रात्यक्षिक परीक्षा असते. २०२० साली या परीक्षांची रचना बदलली. तेव्हापासून सीसीएनपीसाठी एक मुख्य आणि एक निवडीची, अशा दोन परीक्षा द्याव्या लागतात. खालची पायरी उत्तीर्ण असलीच पाहिजे असा नियम आता नाही. पण नियम नाही म्हणून पायरी गाळू नका. सीसीएनपीसाठी तीन ते पाच वर्षांचा आणि सीसीआयईसाठी पाच ते सात वर्षांचा अनुभव असावा, अशी कंपनीचीच शिफारस आहे. तेव्हा 'सहा महिन्यांत थेट सीसीआयई' अशी जाहिरात दिसली, तर पालकांनी पाकिटाला हात घालण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. सीसीएनए करून लहानशी का होईना नोकरी धरावी आणि पगारातून पुढची फी भरावी, हा मार्ग मला अधिक सुरक्षित वाटतो.

आता प्रत्यक्ष आखणी. समजा, तुम्ही नोकरी सांभाळून रोज दीड तास आणि आठवड्यातून सहा दिवस अभ्यास करणार आहात. म्हणजे आठवड्याला नऊ तास झाले. तीस आठवड्यांत २७० तास होतील. यांतील शेवटचे सहा आठवडे उजळणीसाठी राखून ठेवा. उरलेल्या चोवीस आठवड्यांची वाटणी अंदाजाने करू नका. परीक्षेचा अधिकृत आराखडा कंपनीकडून विनामूल्य मिळतो. मुख्य परीक्षेच्या २०२० च्या आराखड्यात पायाभूत रचनेला ३० टक्के, सुरक्षेला २०, जाळ्याची मांडणी व स्वयंचलन यांना प्रत्येकी १५ आणि आभासीकरण व जाळ्याची देखरेख यांना प्रत्येकी १० टक्के भार होता. या हिशेबाने पायाभूत रचनेला सात आठवडे, सुरक्षेला पाच, पुढच्या दोहोंना साडेतीन-साडेतीन आणि शेवटच्या दोहोंना अडीच-अडीच आठवडे येतात. आराखडे वेळोवेळी बदलतात, म्हणून सुरुवात करताना चालू आराखडाच समोर ठेवा.

दीड तासातला निम्मा वेळ वाचनाला आणि निम्मा हाताने करण्याला द्या. त्यासाठी महागडी यंत्रे विकत घेण्याची गरज नाही. पॅकेट ट्रेसर हा सिस्कोचाच विनामूल्य प्रोग्राम सुरुवातीला पुरतो. पुढे जीएनएस-३ सारखी साधने आहेत. एक उदाहरण देतो. दोन राउटर ओएसपीएफ पद्धतीने एकमेकांशी जोडा. नंतर एकाचा 'हॅलो'चा कालावधी बदला. त्यांचे शेजारपण तुटते. मग एरिया क्रमांक बदलून पाहा, सबनेट मास्क बदलून पाहा. शेवटी एमटीयू वेगवेगळा ठेवा. आता दोघांची ओळख होते, पण गाडी 'एक्स्टार्ट' या अवस्थेत अडकते. असे मुद्दाम बिघडवून दुरुस्त केलेले काम वहीत लिहून ठेवा : लक्षण काय, कारण काय, कोणत्या आज्ञेने सापडले. नोकरीच्या ठिकाणी तुम्हाला विचारले जाणार ते हेच.

वाचलेले टिकावे कसे? हर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवले, की शिकलेल्यातला मोठा भाग पहिल्या एक-दोन दिवसांतच विसरला जातो. म्हणून आजचा धडा उद्या, आठवड्याने आणि महिन्याने पुस्तक मिटून आठवून पाहा. पुन्हा वाचणे सोपे असते, आठवणे कठीण; आणि परीक्षेत आठवावेच लागते.

आपल्या घरांचा विचारही आखणीत हवा. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे येतो. तो तुमच्या तीस आठवड्यांत कोठे पडतो, ते आधीच पाहा. त्या महिन्यात नवा अवघड भाग न घेता सहेरीनंतर तासभर उजळणी ठेवा. घरात लग्नकार्य असेल, तर ते दोन आठवडे वगळूनच परीक्षेची तारीख धरा. नापास झाल्यास फी पुन्हा भरावी लागते आणि ती हजारोंच्या घरात असते.

विद्यार्थ्यांनो, बाजारात परीक्षेचे चोरलेले प्रश्न विकत मिळतात. तिकडे फिरकू नका. ते कंपनीच्या नियमाविरुद्ध आहे आणि उघडकीस आल्यास प्रमाणपत्र रद्द होऊ शकते. त्याहून मोठी गोष्ट अशी, की उद्या एखाद्या इस्पितळाचे किंवा बँकेचे जाळे तुमच्या हाती अमानत म्हणून दिले जाईल. चोरलेल्या उत्तरांनी ते बिघडलेले जाळे दुरुस्त होणार नाही. आणि अशा रीतीने मिळवलेल्या नोकरीची रोजी हलाल कशी म्हणावी?

पालकांना दोन विनंत्या. मुलाला रोजचा तो दीड तास द्या. त्या वेळी दुकानावर किंवा बाजारात पाठवू नका. दुसरे, घरात मुलगी हुशार असेल, तर हीच आखणी तिच्यासाठीही करा. राउटर चालवणारा हात मुलाचा की मुलीचा, हे राउटर पाहत नाही.

हे प्रमाणपत्र तीन वर्षे चालते, नंतर नूतनीकरण करावे लागते. म्हणजे या व्यवसायात शिकणे थांबत नाही. ज्या धर्मात पहिला आदेशच वाचण्याचा झाला, त्याच्या अनुयायांना याचे ओझे वाटू नये. आज घरी गेल्यावर एक वही घ्या, तीस आठवड्यांचे रकाने आखा आणि पहिल्या रकान्यात उद्याची तारीख लिहा. अल्लाह तुमच्या मेहनतीला बरकत देवो.

खुदा हाफिज.