पोरीचा पेपर, घराची तयारी



एका गटाच्या बैठकीत बचत गोळा झाल्यावर एक मावशी मागे थांबल्या आणि म्हणाल्या, “ताई, मन्ही आंडेर दातनी डाक्टर व्हई का?” मुलगी नुकतीच अकरावी सायन्सला गेली होती आणि मावशींना क्लासच्या फीसाठी गटाचं कर्ज हवं होतं. असा प्रश्न आता जळगाव-धुळ्याच्या बऱ्याच गावांतून येतो, म्हणून आज त्यावरच बोलू. अभ्यास मुलीलाच करायचा आहे. पण तिला वेळ देणं, कागद गोळा करणं आणि पैशाचा विचार करणं ही तीन कामं आपली आहेत.

आपल्याकडे दातांच्या डॉक्टरीणबाई हव्यात, हे वेगळं सांगायला नको. किती जणी रोज मिसरी लावतात ते आपल्याला माहीत आहे. मिसरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. त्याने हिरड्या जातात, तोंडाचा कॅन्सर होऊ शकतो. तरी दाढ ठणकेपर्यंत बाई दवाखान्याची पायरी चढत नाही. आपल्यातलीच मुलगी डॉक्टर झाली, तर बाया तिच्यापुढे तोंड उघडतील.

आता परीक्षा समजून घेऊ. दातांच्या डॉक्टरकीला बीडीएस म्हणतात. चार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. त्याची वेगळी प्रवेश परीक्षा नाही. एमबीबीएसची आणि बीडीएसची परीक्षा एकच, ती म्हणजे ‘नीट’. 2025 साली देशभरात 22 लाखांहून जास्त मुलांनी ती दिली. पेपर 720 गुणांचा. प्रश्न 180 आणि वेळ 180 मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट. फिजिक्स 45, केमिस्ट्री 45 आणि बायोलॉजी 90 प्रश्न. अर्धा पेपर बायोलॉजीचा आहे हे लक्षात ठेवा.

बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक गुण कापतात. समजा दोन मुलींचे शंभर-शंभर प्रश्न बरोबर आले. एकीचे 40 चुकले आणि 40 तिने सोडले, तिला 360 गुण. दुसरीने उरलेले 80 अंदाजाने ठोकले आणि सगळे चुकले, तिला 320. म्हणून जिथे दोन पर्याय नक्की चुकीचे वाटतात तिथे उरलेल्या दोघांतून निवडावं. काहीच सुचत नसेल तर पुढे जावं.

पेपर मराठीतही मिळतो. पण आपल्या मुली दहावीपर्यंत मराठीत शिकतात आणि अकरावी सायन्सला पुस्तकं इंग्रजी. दोन वर्षं इंग्रजी शब्द पाठ केल्यावर मराठी पेपरातले शब्द अनोळखी वाटू शकतात. म्हणून अर्ज भरण्याआधी मुलीला जुना मराठी पेपर बघू द्या, मगच भाषा ठरवा. मराठी पेपरात सोबत इंग्रजी प्रश्नही छापलेला असतो, आणि अर्थात फरक पडला तर इंग्रजी धरतात.

पुस्तकांचं म्हणाल तर अकरावी-बारावीची एनसीईआरटीची पुस्तकं हा पाया. ती त्यांच्या वेबसाइटवर फुकट आहेत. ओबीसी, विमुक्त-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या, नॉन-क्रिमीलेयर घरच्या मुलांसाठी ‘महाज्योती’ संस्था नीटचं मोफत ऑनलाइन प्रशिक्षण देते, टॅबलेट आणि इंटरनेट डेटासुद्धा देते. दहावीचा निकाल लागला की तिच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा. क्लासची फी भरण्याआधी हे बघा.

आता आपलं पहिलं काम, वेळ. दिवाळीच्या पुढेमागे कापूस वेचणीला हात कमी पडतात, की मुलीचं कॉलेज बुडतं. बारावीचे पेपर मार्चमध्ये संपतात आणि नीट येते मेच्या सुरुवातीला. मधले सहा-सात आठवडे सगळ्यात मोलाचे. नेमके तेव्हाच आपल्याकडे पापड, कुरडया, शेवया आणि लग्नसराई. त्या एका वर्षी तिला पापड लाटायला बसवू नका, हळदीला नेऊ नका. चार बायांनी मिळून त्या घरचं वाळवण उरकून द्यावं. आठवड्यातून एकदा दुपारी दोन ते पाच तिला घड्याळ लावून पूर्ण पेपर सोडवू द्या, कारण खरा पेपर त्याच वेळेला असतो. त्या तीन तासांत तिला हाक मारायची नाही. रात्री झोप पुरी होऊ द्या.

परीक्षेच्या दिवशी साधे, अर्ध्या बाह्यांचे कपडे, पायात चप्पल, अंगावर दागिना नाही, मोबाइल नाही. दीड वाजता फाटक बंद होतं. आपला मे महिना म्हणजे चव्वेचाळीस-पंचेचाळीसचं ऊन, म्हणून सकाळच्याच एसटीने निघा.

दुसरं काम कागद. डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, लागू असेल तर नॉन-क्रिमीलेयर, आणि सगळ्यात वेळ खाणारं म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र. ते मागायला निकालाची वाट पाहू नका. अकरावीतच कॉलेजमार्फत अर्ज करा. आजोबा-पणजोबांचे शाळेचे दाखले शोधण्यातच महिने जातात. आधारवर आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर नाव एकसारखं आहे का, तेही आजच बघा.

तिसरं काम पैसा. अर्जाची फी 2025 साली खुल्या वर्गाला 1700 रुपये, ओबीसी आणि ईडब्ल्यूएसला 1600, एससी-एसटीला 1000 होती. एवढ्यासाठी गटाचं कर्ज जरूर घ्या. पण मोठ्या शहरातल्या क्लाससाठी लाखभर उचलण्याआधी हिशोब मांडा. दोन टक्के महिन्याने 20 हजारांवर महिन्याला 400, वर्षाला 4800 नुसतं व्याज होतं. लाखावर वर्षाचे 24 हजार.

पुढच्या फीबद्दल एक चांगली गोष्ट आहे. 2024-25 पासून, घरचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना सरकारी प्रवेश फेरीतून प्रवेश मिळाला तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मॅनेजमेंट कोट्याला आणि अभिमत विद्यापीठाला ते लागू नाही. वसतिगृह, जेवण, पुस्तकं आणि साहित्याचा खर्च मात्र आपलाच. सरकारी दंत महाविद्यालयं मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे आहेत. धुळ्यात खासगी आहे.

आणि कोणी म्हणालं, ‘नीट नसली तरी बीडीएसला बसवून देतो’, तर त्याला दारातूनच परत पाठवा. मॅनेजमेंट कोट्यालाही नीट लागतेच. ‘पेपर आधी आणून देतो’ म्हणणाराही तसाच. 2024 साली पेपरफुटीचा तपास सीबीआयपर्यंत गेला आणि लोक तुरुंगात गेले.

निकालात ‘पात्र’ लिहून आलं म्हणजे प्रवेश मिळाला असं नाही. 2025 साली खुल्या वर्गाची पात्रता 144 गुणांवर होती, पण जागा गुणानुक्रमे मिळते आणि त्याला खूप जास्त गुण लागतात. याच गुणांवर बीएएमएस, बीएचएमएस आणि फिजिओथेरपीचेही प्रवेश होतात. ते पर्याय आधीच घरात बोलून ठेवा.

शेवटी एक अवघड गोष्ट. मुलगा नापास झाला की घर म्हणतं, ‘पुढच्या वर्षी दे’. मुलीला एकदा कमी पडलं की स्थळं बघायला लागतात. नीट कितीदा द्यायची याला आज बंधन नाही. ते आपणच घालतो. म्हणून निकालाआधी, डोकं शांत असताना, मुलीला समोर बसवून ठरवा: किती वेळा द्यायची, किती खर्च करायचा, नाही जमलं तर काय. ठरलेलं गटाच्या बैठकीतही सांगा, म्हणजे नंतर कोणी शब्द फिरवणार नाही.

पुढच्या बैठकीत एवढं करा. आपल्या गटातल्या किती मुली अकरावी-बारावी सायन्सला आहेत त्यांची नावं लिहा आणि कोणाचा कोणता दाखला बाकी आहे ते विचारा. तहसीलला जायचंच आहे, तर चौघी मिळून एकाच दिवशी जा.