बारावीनंतर प्राथमिक शिक्षकाच्या पेशाकडे



बारावीचा निकाल लागला की गावोगावी एक प्रश्न हमखास विचारला जातो. घरची परिस्थिती बेताची आहे. पदवीची तीन-चार वर्षे आणि त्यापुढे बी. एड्.ची दोन वर्षे, एवढा खर्च झेपणारा नाही. अशा घरातील मुलाला किंवा मुलीला शिक्षक होता येईल काय? या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. मात्र या होकाराला काही अटी आहेत. त्या वेळीच न समजल्यामुळे अनेक कुटुंबांचा कष्टाचा पैसा आणि मुलांची उमेदीची वर्षे वाया जातात. म्हणून हा मार्ग नेमका कसा आहे, हे गावातील जाणत्या मंडळींनी समजून घेणे अगत्याचे आहे.

जुनी परंपरा

प्राथमिक शिक्षक पदवीधर असलाच पाहिजे, अशी आपल्याकडे पूर्वापार अट नव्हती. तो प्रशिक्षित असावा, हा आग्रह मात्र फार जुना आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जे निवेदन सादर केले, त्यात प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत आणि ते शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, अशी मागणी केली होती. ज्याला नांगर धरता येतो आणि जो गावकऱ्यांत सहज मिसळू शकतो, असा शिक्षक त्यांना हवा होता. त्याला निदान बारा रुपये वेतन मिळावे, असेही त्यांनी सुचविले होते. गावाशी जवळीक, योग्य प्रशिक्षण आणि पुरेसे वेतन या तिन्ही गोष्टींचा विचार त्या निवेदनात एकत्र केलेला आढळतो.

पुढील काळात व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवीची परीक्षा उत्तीर्ण होऊन शिक्षक झालेल्यांनी खेड्यापाड्यांतील शाळा चालविल्या. बालविधवा असलेल्या अनुताई वाघ याच मार्गाने शिक्षिका झाल्या. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्राचे कार्य सुरू केले, तेव्हा अनुताई त्यांच्यासोबत होत्या. पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी बालकांसाठी त्यांनी केलेले कार्य सर्वश्रुत आहे. अनुताईंनी पदवी मिळविली ती पन्नाशीच्या सुमारास. तोवर बालशिक्षणाचा नवा मार्ग त्यांनी प्रत्यक्ष कामातून घालून दिला होता.

आजचा कायदा

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार देणारा २००९ चा अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्यानुसार राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २३ ऑगस्ट २०१० रोजी शिक्षकांची किमान अर्हता निश्चित केली. पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी बारावी उत्तीर्ण, प्राथमिक अध्यापनाची दोन वर्षांची पदविका आणि शिक्षक पात्रता परीक्षा, असे तिचे सर्वसाधारण स्वरूप आहे. सहावी ते आठवीसाठी मात्र पदविकेच्या जोडीला पदवी लागते. याचा अर्थ असा की, पदवीवाचून जाता येणारी मुख्य वाट ही पाचवीपर्यंतच्या वर्गांची आहे.

ही वाट दुय्यम आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्णयानुसार बी. एड्. ही अर्हता पहिली ते पाचवीच्या शिक्षकपदासाठी ग्राह्य धरता येत नाही. सहा-सात वर्षांच्या बालकाला अक्षरओळख करून देणे, त्याच्या मनात संख्येची कल्पना रुजविणे आणि घरच्या बोलीतून त्याला हळूहळू शाळेच्या भाषेकडे आणणे, हे स्वतंत्र शास्त्र आहे. त्याचे शिक्षण पदविकेच्या अभ्यासक्रमात मिळते. त्यामुळे पदविकाधारक बारावी उत्तीर्ण उमेदवार या वर्गांसाठी पात्र ठरतो, तर बी. एड्. झालेला पदवीधर केवळ त्या अर्हतेवर पात्र ठरत नाही.

चार पायऱ्या

पहिली पायरी बारावीची. कोणत्याही शाखेचा विद्यार्थी चालतो. परंतु सर्वसाधारणपणे पन्नास टक्के गुण आवश्यक असतात. राखीव प्रवर्गांना त्यात सवलत आहे. काठावर उत्तीर्ण होणाऱ्या विद्यार्थ्याला ही गोष्ट बारावीच्या वर्षारंभीच सांगितली पाहिजे.

दुसरी पायरी पदविकेची. पूर्वी डी. एड्. या नावाने परिचित असलेला हा अभ्यासक्रम आता डी. एल. एड्. म्हणून ओळखला जातो. राज्यातील प्रवेशप्रक्रिया पुण्याच्या महाराष्ट्र राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेमार्फत राबविली जाते. दोन वर्षांच्या या अभ्यासक्रमात बालमानसशास्त्र आणि विषयवार अध्यापनपद्धती यांच्याबरोबरच प्रत्यक्ष शाळेतील अनुभवावर भर असतो. विशेष गरजा असलेल्या बालकांना शिकवू इच्छिणाऱ्यांसाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेली विशेष शिक्षणाची पदविका उपलब्ध आहे. तीही बारावीनंतर करता येते.

तिसरी पायरी शिक्षक पात्रता परीक्षेची. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ती घेते. पाचवीपर्यंतच्या वर्गांसाठी पहिली प्रश्नपत्रिका असते. बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास या पाच विभागांना प्रत्येकी ३० याप्रमाणे एकूण १५० गुण असतात. खुल्या प्रवर्गातील उमेदवारास उत्तीर्ण होण्यासाठी ९० गुण लागतात. २०२१ मध्ये झालेल्या निर्णयामुळे या परीक्षेचे प्रमाणपत्र आता आजीवन ग्राह्य आहे.

चौथी पायरी निवडीची. शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीतील गुण आणि पवित्र संकेतस्थळावर नोंदविलेले पसंतिक्रम यांच्या आधारे निवड होते. निवड झालेल्यांना प्रारंभी तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून काम करावे लागते. प्राथमिक शिक्षणसेवकांचे मानधन २०२३ मध्ये वाढवून दरमहा १६,००० रुपये करण्यात आले.

आडवाटांपासून सावधान

या चारपैकी एखादी पायरी गाळून पुढे नेण्याचे आश्वासन कोणी देत असेल, तर त्यापासून दूर राहावे. ‘आधी खाजगी शाळेत लागा, प्रशिक्षण पुढे पाहता येईल’ हा सल्ला आता कालबाह्य झाला आहे. सेवेतील अप्रशिक्षित शिक्षकांना अर्हता पूर्ण करण्यासाठी २०१७ च्या दुरुस्तीने अखेरची मुदत दिली होती. ती ३१ मार्च २०१९ रोजी संपली. पात्रता परीक्षेच्या बाबतीतही १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कठोर भूमिका घेतली. सेवानिवृत्तीस पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या सेवेतील शिक्षकांनीही दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण व्हावी, असे त्या निर्णयात नमूद आहे. सेवेत असलेल्यांची ही स्थिती असेल, तर नव्याने येणाऱ्याला सूट मिळण्याची आशा धरणे व्यर्थ होय. पदविकेसाठी पैसे भरण्यापूर्वी विद्यालयास राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता आहे किंवा नाही, याची खातरजमा केलीच पाहिजे.

आणखी एक गोष्ट पालकांना स्पष्टपणे सांगितली पाहिजे. पदविका म्हणजे नोकरीची हमी नव्हे. राज्यात २०१२ मध्ये शिक्षकभरतीवर निर्बंध आले आणि हजारो पदविकाधारक वर्षानुवर्षे थांबून राहिले. अभियोग्यता चाचणी २०१७ मध्ये झाली आणि त्यानंतरची चाचणी थेट २०२३ मध्ये झाली. तिसरी २०२५ मध्ये घेण्यात आली. दोन चाचण्यांमधील काळ रिकामा जाऊ नये, यासाठी पदविकेनंतर मुक्त विद्यापीठातून पदवी पूर्ण करणे हिताचे ठरते. १९८९ मध्ये नाशिक येथे स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून अनेक प्राथमिक शिक्षकांनी नोकरी सांभाळून पदवी मिळविली आहे. पदवी हाती आली की सहावी ते आठवीचे वर्गही खुले होतात.

काळ थोडा आहे

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी. एड्. ही शिक्षकाची किमान अर्हता करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. हा अभ्यासक्रमही बारावीनंतरच सुरू होतो आणि पदवी व प्रशिक्षण एकत्रच पदरात पडते. परंतु दोन वर्षांऐवजी चार वर्षे घराबाहेर शिकणे प्रत्येक घराला, विशेषतः मुलींच्या घरच्यांना, परवडेलच असे नाही. शिक्षकाचे शिक्षण अधिक सखोल व्हावे, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. मात्र त्यासाठी वाढणारा खर्च सोसता न आल्यामुळे शेतमजुराची मुलगी या पेशाबाहेर राहिली, तर जोतीरावांनी मागितलेला गावचा शिक्षक गावाला मिळणार नाही. शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि जवळच्या महाविद्यालयात अभ्यासक्रमाची सोय यांचा विचार त्यासाठी आतापासूनच व्हावयास हवा.

येथे ग्रामपंचायतींना आणि शिक्षकांना पुष्कळ करता येण्यासारखे आहे. दरवर्षी बारावीच्या वर्षारंभी गावातील इच्छुक मुलामुलींची यादी करावी. प्रवेशाच्या व परीक्षांच्या तारखा ग्रामपंचायतीच्या फलकावर लावाव्यात. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास प्रमाणपत्र निकालापूर्वीच तयार राहील, याकडे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी लक्ष पुरवावे. गावातील शिक्षकांनी आठवड्यातून एक संध्याकाळ पात्रता परीक्षेच्या मार्गदर्शनासाठी द्यावी. यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही.

पैशाअभावी पदवीपर्यंत पोहोचू न शकलेल्या, परंतु मुलांत रमणाऱ्या आणि नेटाने अभ्यास करणाऱ्या तरुणांसाठी ही वाट आजही खुली आहे. ती त्यांना वेळेवर दाखविणे हे ग्रामपंचायतींचे आणि शिक्षकांचे कर्तव्य आहे.